कावळ्याचं पान

मालवणात जनावरांच्या डॉक्टरांकडे आनंदीबाई शेळी धरून बसल्या होत्या. शेळीपेक्षा त्यांचेच कान जास्त टवकारलेले. शेजारच्या बाकाखाली प्रेमलताचा कुत्रा टायगर पोट फुगवून कण्हत होता आणि तिच्या वाडीतले काशीरामतात्या चौकशी करत होते.

“टायगरान खाल्ल्यान तरी काय गो?”

“सासऱ्यांच्या म्हाळाचा पान! कावळ्यासाठी अंगणात ठेवललंय. कावळो काय येवक नाय, ह्यानच सगळा चाटून-पुसून खाल्ल्यान.”

“काय काय वाढललंस?”

“खीर, काळ्या वाटाण्याचा सांबारा आणि सात वडे.”

“कावळ्याक सात वडे?”

“वडे सासऱ्यांच्या भारी आवडीचे.”

“जिते होते तेव्हा त्येंनी तिसरो वडो मागलो, तर पचाचो नाय म्हणून ताट उचललंस.”

“त्या वयात पचता काय, तात्यानू?”

“आणि त्येंचा पोट असाच फुगला, तेव्हा खंयच्या डॉक्टराक दाखवलंस?”

“पोट फुगला म्हणून माणसाक कोण डॉक्टराकडे नेता? घरातलो ओवो दिलंय.”

“मगे? बरा वाटला?”

“चार दिवसांनी गेले. आयुष्य सरला, आपण काय करतलो?”

आतून डॉक्टरांनी हाक मारली. टायगरला टेबलावर ठेवता ठेवता प्रेमलताची भाषा एकदम परीटघडीची झाली. दार उघडंच होतं.

“घरी काही औषध दिलंत का? ओवा वगैरे?”

“छे हो, डॉक्टर! मुक्या जिवावर असले प्रयोग कोण करतं?”