चारुमतीच्या गोगलगायी

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. साधा आहे, पण दुपारपासून डोक्यातून जात नाही. एखाद्याचं काम आपल्याला समजलं नाही, तर ते काम निरुपयोगी ठरतं का? आपल्या डोक्यात शिरलं नाही, यात खोट कोणाची? कामाची, की डोक्याची?

हसू नका. हसणाऱ्यांसाठीच आजचं आख्यान आहे.

आणि पुढे बसलेल्या बाळांनो, तुम्ही जरा सरसावून बसा. मागच्यांना डुलकी लागली तर लागू द्या. त्यांचं शिकून झालंय, अशी त्यांची समजूत आहे.

तर ऐका. नीरावती नावाची नगरी. राजा हेमांगद. माणूस वाईट नाही, पण दरबारात बसल्या बसल्या पेंगणारा. नगरीबाहेर नदीकाठी, झाडीत, त्याच्या पणजोबांनी बांधलेली शोधशाळा. शाळा म्हणजे काय, तर वेगवेगळ्या खोपट्या. एकेका खोपटीत एकेक वेडा — लोकांचा शब्द, माझा नव्हे. एकजण चुन्यात गूळ कालवून भिंत का टिकते ते बघतोय. शेजारी एक बाई पाळणे गोळा करतेय; कुठल्या गावची आई कुठल्या तालात बाळाला निजवते ते ऐकतेय. पलीकडे मुद्गलशास्त्री, कोळ्यांच्या बोलीचं व्याकरण लिहिणारे. माशाचा वास अंगाला, म्हणून घरचे जेवायला ओसरीवर वाढतात! टेकडीवर आचार्य विश्वंभर, तारे बघणारे. आणि अगदी पाण्यालगत चारुमती.

ही चारुमती काय करत होती? गोगलगायी पाळत होती.

हसलात ना? तिच्या सासरचेही असेच हसले होते.

या शोधशाळेत एक रीत होती. दरवर्षी प्रत्येकाच्या कामाची पारख व्हायची, आणि पारख करायला मुद्दाम परक्या विषयाचा माणूस. चुनेवाल्याची पारख शास्त्र्यांनी करायची, पाळणेवालीची चुनेवाल्यानं. का? पणजोबा म्हणायचे, आपल्यातला माणूस मान डोलावतो, परका विचारतो, "म्हणजे काय?" आणि हे विचारण्यासाठी पारख करणाऱ्यानं आधी चार महिने, सगळा पावसाळा, त्या दुसऱ्याच्या खोपटीत जाऊन राहायचं. त्याच्या हाताखाली काम करायचं. मग दरबारात येऊन एकच शब्द सांगायचा. "चालू द्या", नाहीतर "थांबवा".

किती सुंदर रीत! आजच्या आमच्या मोठमोठ्या विद्यापीठांत कोणी पावसाळाभर दुसऱ्याच्या विषयात जाऊन राहतं का? शेजारच्या खोलीत डोकावत नाहीत हो.

पण राजाला मिळाला नवा प्रधान. रुद्रकेतू. माणूस चटपटीत. त्यानं नवे हत्ती आणले, आणि हत्तींना जागा हवी. नदीकाठ बघून आला आणि दरबारात म्हणाला, "महाराज, आपले हत्ती उन्हात उभे आणि गोगलगायी छपराखाली? शेजारचे राजे काय म्हणतील?"

राजा म्हणाला, "मग काय करावं?"

"आपण काहीच करायचं नाही. रीत आहेच की. फक्त ते पावसाळाभर जाऊन राहणं बंद. वेळ कोणाला आहे? दरबारात उभं राहावं, काम सांगावं, परक्यानं तिथल्या तिथं निकाल द्यावा. थोड्या खोपट्या रिकाम्या झाल्या की हत्तींचं भागेल. कोणाच्या, ते त्यांचं त्यांनीच ठरवावं."

बघा लबाडी! हा स्वतः कोणालाच काढत नाही. एकाच्या हातून दुसऱ्याला काढवतो. आणि ही विद्वान मंडळी! वाटलं होतं, सगळी मिळून उभी राहतील. पण आदल्या दिवशीपासून जो तो आपल्याच मनाशी म्हणायला लागला — थोड्याच खोपट्या जायच्यात ना? दुसऱ्याची गेली, की माझी वाचली.

उजाडला पारखीचा दिवस. चुनेवाला उभा राहिला. दोन्ही हात भाजलेले, पांढरे. सांगू लागला. मुद्गलशास्त्र्यांना त्यातलं ओ की ठो कळेना. पण एवढ्या भरल्या दरबारात, एवढे मोठे शास्त्री, "मला कळलं नाही" असं म्हणतील? जीभ तुटेल, पण म्हणणार नाहीत. चेहरा गंभीर केला आणि म्हणाले, "थांबवा."

मग चुनेवाल्यानं पाळणेवालीला थांबवलं. पाळणेवालीनं शास्त्र्यांना थांबवलं. शास्त्री एकदम ताडकन उठले. "बाई, तुम्हाला व्याकरणातलं काय कळतं?" ती म्हणाली, "तुम्हाला चुन्यातलं कळतं तेवढं." बसले खाली!

प्रधान मिशीतल्या मिशीत हसतोय. राजा पेंगतोय. आणि एकेक घर पडतंय.

चारुमतीची पाळी आली. तिच्या कामाची पारख आचार्य विश्वंभरांकडे. तिला केवढा दिलासा वाटला! दुसऱ्या कोणाला नाही तरी आचार्यांना कळेल. जन्मभर वाट बघणारा माणूस आहे. ती हातात शंख घेऊन पुढे झाली.

बाळांनो, तुम्ही नदीवर गोगलगाईचा रिकामा शंख उचललात, टोक वर धरलंत आणि तोंड आपल्याकडे केलंत, तर ते तोंड बहुतेक वेळा उजव्या बाजूला असतं. क्वचित एखादीचं डावीकडे. चारुमतीला अशी एक डावी सापडली होती. तिला पाळली. तिची पिल्लं झाली — सगळी उजवी! चारुमतीला वाटलं, संपलं डावेपण. पण त्या उजव्या पिल्लांतली एक वाढली, तिची अंडी फुटली, आणि तिची पिल्लं सगळी डावी! म्हणजे आजीचं वळण लेकीच्या अंगावर दिसलंच नाही, तिच्या पोटातून गुपचूप नातवंडांपर्यंत गेलं. हे कसं? पुढच्या पिढीत काय होतं? ती पुढची अंडी आत्ता तिच्या मडक्यांत होती. ती फुटली की कळणार. आणि तिनं कुठलं पिल्लू कुणाचं हे कधी मिसळू दिलं नव्हतं. एकेक मडकं म्हणजे एकेक घराणं.

एवढं सांगून ती थांबली. म्हणाली, "आचार्य, अंडी फुटेपर्यंत तरी थांबा."

दरबारात खसखस पिकली. कोणीतरी मागून म्हणालं, "गोगलगाईचं गोत्र विचारा!" आचार्यांनी प्रधानाकडे बघितलं. मग आपल्या टेकडीकडे, खिडकीतून. आणि खाली मान घालून म्हणाले, "वळण डावं काय, उजवं काय. यानं जगाचं काय अडतंय? थांबवा."

मंडळी, परक्यानं टोचलं तर सोसतं. ज्याच्याकडून आशा असते, त्यानं हात झटकला की माणूस आतून गोठतो. चारुमती जागेवर आली. डोळ्यांत पाणी नव्हतं. संताप होता. आणि त्या संतापात तिला एक गोष्ट आठवली. शेवटची पारख आचार्यांची. आणि ती करायची होती तिनंच.

आता सांगा! तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा, देवळात बसला आहात. तोच शब्द, तसाच त्यांच्या अंगावर फेकला असता ना? तिनंही तेच ठरवलं. शब्द जिभेवर तयार ठेवला.

आचार्य उभे राहिले. म्हणाले, "एक तारा आहे. माझ्या गुरूंच्या गुरूंनी तो मंद होत होत दिसेनासा झालेला पाहिला आणि पुन्हा उजळलेला पाहिला. तो पुन्हा केव्हा मंदावतो, ते मी बघतोय."

"मंदावला का?" प्रधानानं विचारलं.

"अजून नाही."

"कधी मंदावेल?"

"सांगता येत नाही. मी असेपर्यंत कदाचित नाहीच."

आता हसायला राजाचे हुजरेसुद्धा मोकळे झाले. प्रधान चारुमतीकडे वळला. अगदी मायेनं म्हणाला, "बोला बाई. लाजू नका."

चारुमती उठली. तोंड उघडलं. आणि तिच्या मनात आलं, तारा मंद होतो म्हणजे काय होतं? तिनं तोंडातला शब्द तसाच ठेवला आणि विचारलं, "आचार्य, तो विझतो, की त्याच्या आड काही येतं?"

आचार्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांत दरबारात त्यांना कोणी हे विचारलं नव्हतं. म्हणाले, "तेच तर ठाऊक नाही गं."

"मग मला कळलं नाही," चारुमती म्हणाली.

"कळलं नाही, तर थांबवा म्हणा," प्रधान म्हणाला.

"कसं म्हणू? मला राग इतका आलाय, की यांची टेकडी हत्तींनी तुडवली तरी मी बघत उभी राहीन. पण मी तारे कधी पाहिले नाहीत. मला यातलं काही कळलेलं नाही, प्रधानजी. ज्यातलं कळत नाही, त्यावर मी काय बोलू?"

दरबार चिडीचूप. या नगरीच्या विद्वानांत हे वाक्य आजवर कोणी उच्चारलंच नव्हतं! राजा जागा झाला. शांततेनं जाग येते काही माणसांना. मुलं गप्प झाली की आई स्वयंपाकघरातून धावत येते ना, तसं.

राजा म्हणाला, "काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"मला कळलं नाही, महाराज."

राजानं शास्त्र्यांकडे मोहरा वळवला. "शास्त्रीबुवा, तुम्हाला चुन्याचं काम कळलं होतं?"

शास्त्र्यांनी घसा खाकरला, उपरणं सारखं केलं. "महाराज, चुना विड्याला लावतात, एवढं मला निश्चित ठाऊक आहे."

"आणि तुम्हाला पाळणे?" चुनेवाल्यानं मान हलवली. "तुम्हाला व्याकरण?" बाई जमिनीकडे बघत राहिली. "आचार्य, तुम्हाला गोगलगायी?"

आचार्य म्हणाले, "मला भीती कळत होती, महाराज. गोगलगायी नाही."

राजानं हुकूम दिला. आजचे सगळे निकाल रद्द. पावसाळाभर राहायची रीत पुन्हा सुरू. हत्ती प्रधानाच्या वाड्यात बांधा! काय टाळ्या पडल्या म्हणता. जे हसत होते, तेच चारुमतीचा जयजयकार करायला लागले.

तुम्हीही आत्ता टाळ्या वाजवल्यात. थांबा. घाई करू नका.

चारुमती धावत नदीवर आली. बघते तर खोपटीचं दार सताड उघडं. आचार्यांच्या तोंडून "थांबवा" निघालं, त्याच क्षणी प्रधानाची माणसं निघाली होती. शब्दाला वेळ लागतो, शिपायाला लागत नाही. मडकी उपडी पडलेली. पाणी चिखलात जिरलेलं. गोगलगायी, अंडी, सगळं नदीत भिरकावलेलं, आणि खुंटाला एक हत्ती, निवांत कान हलवतोय. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

मागोमाग राजा आला. पाहिलं आणि त्याचाही चेहरा पडला. म्हणाला, "पोरी, चूक झाली. आत्ता माणसं पाण्यात उतरवतो. टोपल्याच्या टोपल्या गोगलगायी आणून देतो."

ती म्हणाली, "नदीत गोगलगायींना काय तोटा आहे, महाराज? पण त्यांतली कोणाची आई कोण आणि आजी कोण, हे मला कोण सांगेल?"

ज्याच्या खजिन्यात सगळं होतं, त्याच्या खजिन्यात हे एवढंसं नव्हतं! माझ्या मनात येतं, या एका जागी राजालाही हात जोडून उभं राहावं लागतं. दिलगिरीनं छप्पर परत उभं राहतं. मोडलेला धागा जोडून मिळत नाही, बाबांनो. तो पुन्हा पहिल्यापासून कातावा लागतो, आणि ज्यानं तोडला तो कधी कातायला बसत नाही.

राजा परत गेला. लोक पांगले. चारुमती पाण्यात उतरली, वाकून एकेक शंख उचलून बघायला लागली. थोड्या वेळानं शेजारी पाणी डुचमळलं. आचार्य विश्वंभर. धोतराचा काचा मारलेला, एवढा मोठा ज्योतिषी, गुडघाभर चिखलात.

"डावी कशी ओळखायची?" त्यांनी विचारलं.

तिनं पुढचा शंख उचलला.

त्यांनी पुन्हा विचारलं.

"हे सकाळी विचारायचं होतं, आचार्य."

"हो," ते म्हणाले. "सकाळी विचारायचं होतं."

त्यांनी ना माफी मागितली, ना त्यांचा पाय तिथून निघाला. तसेच वाकून उभे राहिले. शेवटी तिनंच एक शंख त्यांच्या तळहातावर ठेवला. "टोक वर करा. असं नाही. तोंड आपल्याकडे. आता कुठल्या बाजूला आहे?"

"उजव्या."

"सोडा पाण्यात. दुसरी घ्या."

दिवस मावळेपर्यंत दोघं शोधत राहिली. सगळ्या उजव्या निघाल्या. पुढे डावी कधी सापडली, सापडली की नाही, ते मला ठाऊक नाही. ठाऊक नसलेलं सांगायचं नाही, एवढं तरी या आख्यानातून मी शिकलो.

आता तुमच्याकडे वळतो. माझा आवाज चढला तर चढू द्या.

आज दुपारी प्रसादाची पंगत चालू असताना, या देवळाच्या मागच्या भिंतीशी एक मुलगी भिंग लावून बसली होती. याच गावची लेक. दगडावर जे करडं-हिरवं दगडफूल धरतं ना, त्याचा ती अभ्यास करते. कशी वागलात तिच्याशी? एकानं विचारलं, "याचे पैसे देतात होय सरकार?" एकीनं विचारलं, "लग्नाचं काय ठरलं?" आणि पंचांपैकी एक वडीलधारे म्हणाले, "ऊठ, भिंत घासून रंगवायचीय उद्या." ते काय शोधतेस, एवढं मात्र एकाच्याही तोंडून निघालं नाही!

कोणाचा मुलगा जुनी नाणी बघतो, कोणाची सून भुताखेतांच्या गोष्टी गोळा करते, कोणाचा भाचा गणितातल्या कुठल्या तरी संख्येच्या मागे लागलाय. जेवायच्या ताटावर तुम्ही त्याला विचारता, "उपयोग काय?" आणि उत्तर ऐकायच्या आत भात मागता! ज्या देवानं दगडावर दगडफूल रुजवलं आणि गोगलगाईला वळण दिलं, त्याला विचारा ना उपयोग. त्याच्यासमोर मात्र हात जोडून उभे राहता.

रंगाचे डबे आणलेत, ते मी सभामंडपात बघितलेत. उद्या सकाळी ते उघडायचे नाहीत. ती मुलगी भिंतीशी येणार आहे. या बाळांना घेऊन मी जाऊन बसणार आहे. तुम्ही या. जवळ बसा, विचारा, आणि जोवर कळत नाही तोवर उठू नका. नाही कळलं, तर मोठ्यानं म्हणा, कळलं नाही. या देवळात आजवर झालेल्या सगळ्या गजरांपेक्षा तो गजर मला गोड लागेल.

घ्या आता टाळ हातात. म्हणा नाम, आणि रंगाचे डबे तेवढे माझ्या खोलीत आणून ठेवा.