राक्षसाच्या गुहेत एकटं कोण जाणार?

चहा निवला तरी चालेल, आधी आमचं नाटक बसवणाऱ्या नागपूरच्या मास्तरची फजिती ऐका. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावजत्रेला, आमच्या मुर्री गावात सोयरे बोलवायचे आणि त्यांना नाटक दाखवायचं, ही आमची रीत. आमच्या नाटकात पाच राजपुत्र राक्षसाच्या गुहेतलं जादूचं सीताफळ आणायला निघायचे.

मास्तर कुठलंसं इंग्रजी पुस्तक वाचून आलेला. म्हणाला, "पाच हिरो कुठे असतात? हिरो एकच. तो राक्षसाच्या गुहेत एकटा शिरतो आणि जिंकून घरी परततो. बाकीचे चौघे बाहेर थांबा."

मी चौथा राजपुत्र. म्हटलं, "कायले थांबू? माहा सासरा तिरोड्यावरून बंडी जुंपून आला, अन् मी बाहेर उभा राहू?"

बाकीच्यांचेही सासरे पुढेच बसलेले. मग काय, थोरला गुहेत शिरल्याबरोबर आम्ही चौघेही तलवारी उपसून मागोमाग घुसलो.

राक्षस होता गणपत पहिलवान. तो पडद्याआडच्या मास्तरवर ओरडला, "मास्तर, हे तं पाच जन आहेत! एकटा मीच आहो न? मंग हिरो मीच!"

आणि सासऱ्यांदेखत आम्हा पाचांना बडवून, सीताफळाच्या बिया थुंकत, गडी जिंकून घरी परतला.