कॅरिअर नसलेली सायकल

मंडळी, ऐका! आजचा प्रश्न छोटा आहे. तुम्ही ज्याला 'बरोबर चल' म्हणता, त्याच्या बरोबर तुम्ही चालता का? — हसू नका. शेजारी बघू नका! उत्तर मनात ठेवा, शेवटी मागणार आहे.

पखवाजवाले, मध्य लय. हं.

निंबोळे गावात मार्तंड खैरमोडे नावाचा गृहस्थ. नोकरी विजेच्या मीटरचं रीडिंग घेण्याची. वेग असा, की गावानं त्याची पाठच पाहिलेली! दारात "मीटर!" अशी आरोळी. बाई हात पुसत बाहेर येते, तोवर हा पलीकडच्या दारात.

त्याची बायको कुमुदिनी. लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली, तेव्हापासून डावा पाय ओढत चाले. सप्तपदीत हा तिच्या पुढे सुटला नाही. का? उपरण्याला गाठ मारलेली होती!

एकदा दोघं बाजारातून निघाली. हा पुढे. मागे न बघता बोलतोय — गिरणीचं, मेहुण्याचं, भेंडी कशी करायची त्याचं. घर आलं. कुलूप काढलं, पिशवी ठेवली, म्हणाला, "चहा टाक गं!"

कुणाला? घरात चिटपाखरू नाही!

बऱ्याच वेळानं ती आली, एक चप्पल हातात. वाटेत अंगठा तुटला होता. हाका मारल्या होत्या.

"अगं, किती वेळ!" मार्तंड म्हणाला. हे त्याचं रोजचं वाक्य. मंडळी, नीट ठेवा, पुढे लागणार आहे.

कुमुदिनी रडली नाही, भांडली नाही. चहा टाकला. कप त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, "आजपासून मी तुमच्याबरोबर कुठं येणार नाही. लग्न नाही, जत्रा नाही, देऊळ नाही. ज्या दिवशी माझ्या पावलानं चालाल, त्या दिवशी बोलवा."

आणि खरंच नाही आली. चुलतभावाच्या मुलीचं लग्न — मार्तंड एकटा. पंगतीत एक म्हातारी विचारते, "सूनबाई कुठं राहिली?" हा काय सांगणार? "मागून येतेय"?

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. मंडळी, घाईच्या माणसाच्या डोक्यात उजेडही घाईनंच पडतो. सायकल घेऊ! कॅरिअरवर तिला बसवू! पाय तिचा हळू, चाक तर माझं ना!

गेला साताऱ्याला, दुकानात. मालक इनामदार गप्पिष्ट. भिंतीला एक सायकल टांगलेली. काळी, सडपातळ, अंगावर काही दागिना नाही. एका बोटावर उचलावी!

"ही काय आहे?"

"हिला एकच स्पीड असतो, साहेब. गिअर नाहीत. बिघडायला काही नाही."

म्हणजे आपल्या आजोबांची सायकल! तीच शहरात गेली, मडगार्ड काढून ठेवलं आणि महाग झाली. आपण मात्र आजोबांची भंगारात दिली.

"मागचं चाक उलटसुलट लागतं," इनामदार म्हणाले. "या बाजूनं लावलं तर फ्री-व्हील. पाय थांबले तरी चाक पळेल. त्या बाजूनं लावलं तर फिक्स. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार. पाय थांबवायची सोय नाही. आधी फ्रीवर चालवा, सवय होऊ द्या."

"आणि वेगात कुठली बरी?"

"फिक्स लावली की तुम्ही आणि चाक एकच. पण—"

"फिक्स लावा!"

'पण'च्या पुढचं ऐकायला थांबला नाही! इनामदारांनी पुढचा ब्रेक तेवढा हट्टानं ठेवला.

घरी आला. घंटी वाजवली. कुमुदिनी दारात आली. सायकलीभोवती एक चक्कर मारली. म्हणाली, "छान आहे. मी बसू कुठं?"

मंडळी, कॅरिअर नव्हतं! ज्यासाठी गेला, तेच राहिलं!

आता पुढची गंमत. आपण सायकलवरून उतरतो कसे? टांग मारून! चालत्या सायकलीवर डाव्या पायडलवर उभं राहायचं, उजवी टांग मागून फिरवायची, आणि ऐटीत जमिनीवर. बापानं शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी मार्तंड दाराशी आला, डाव्या पायडलवर उभा राहिला, टांग फिरवली — पायडल थांबेल तर ना! ते खाली गेलं, मागून वर आलं, आणि याला उचलून फेकलं थेट कोंबड्यांच्या खुराड्यावर!

आबा, तुम्ही हसताय. तुमच्या धोतराचा सोगा त्या चेनमध्ये गेला असता म्हणजे कळलं असतं.

रोज नवीन जागी पडे. उतारावर सवयीनं पाय सैल सोडी, चाक पाय ओढून नेई. वळणावर पायडल दगडाला घासे. गुडघे सोलले. शेवटी सायकलीला लाथ मारली.

कुमुदिनी ओट्यावर तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तिला कशाला मारता? ती सांगून फिरते. तुम्हीच ऐन वेळी जागे होता."

"म्हणजे?"

"मी पायरी चढते ती कशी? पायरी यायच्या आधी ठरवते, कुठला पाय, कुठं. पाय आयत्या वेळी ऐकत नाही माझा. तुमचे आजवर ऐकत आले, म्हणून तुम्ही त्यांना कधी विचारलंच नाही."

मार्तंडानं सायकल उचलून उभी केली. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ही गावातली बातमी होती!

दुसऱ्या दिवसापासून तो लांबूनच ठरवू लागला. वळण दिसलं की पाय जड करायचे. थांबायचं तर थांबायच्या कितीतरी आधी थांबायला लागायचं. पुरतं थांबायचं, मगच उतरायचं. हळूहळू सायकल त्याला फेकायची थांबली. एकदा तर फाटकापाशी तो जागच्या जागी तोल धरून उभा राहिला. आणि पुन्हा उजेड पडला!

भैरोबाच्या जत्रेत हळू सायकलची शर्यत असते. शेवटी पोचेल तो पहिला! पाय टेकला, बाद. बाजूच्या चुन्याच्या रेघेला चाक लागलं, बाद. जिंकेल त्याला मानाचा फेटा.

"यंदा फेटा आणतो! मग तर येशील माझ्याबरोबर?"

"फेट्याचं मी कुठं बोलले?" कुमुदिनी म्हणाली. पण हा गल्लीच्या टोकाला पोचला होता.

जत्रा. माणसांची भिंत. शिट्टी!

एक पडला. दोघे एकमेकांवर आदळले. एकाचं चाक चुन्यात. उरले दोन: मार्तंड आणि गेल्या सालचे विजेते तांबोळीचाचा. चाचांचं पोट हँडलवर टेकलेलं, तोंडात पान.

"मार्तंडभाऊ, तुमची एस्टी लागलीय! जा की पळत!"

पखवाजवाले, लय उतरवा.

दोरीपलीकडून कुमुदिनी चालली होती, हातात नारळाचं ताट, देवळाकडे. एकटी. मार्तंडाची नजर गेली. इतक्या वर्षांत त्यानं तिला चालताना पाहिलंच नव्हतं. ती मागे असे ना! उजवा पाय रोवते. जरा थांबते. ठरवते. मग डावा उचलून आणते.

आणखी हळू.

त्याचं पायडल तिच्या पायाबरोबर पडू लागलं. रोवणं. थांबणं. ठरवणं. आणणं.

आणखी—

कोण तो खांबाजवळ घड्याळ बघतोय? बघा, बघा. गोष्ट तुमचीच आहे!

शेवटची रेघ हातभर राहिली. कुमुदिनी रेघेच्या पलीकडे गेली. थांबली. आयुष्यात पहिल्यांदा ती पुढे, तो मागे! तिनं वळून पाहिलं. चाचांची सायकल गदागदा हलतेय, पाय आत्ता टेकणार, आत्ता! एक श्वास धरला की फेटा मार्तंडाचा.

आणि कुमुदिनी म्हणाली,

"अहो, किती वेळ!"

पखवाज बंद.

मार्तंडानं पायडल दाबलं. रेघ ओलांडली. पुढच्याच क्षणी चाचांचा पाय टेकला, पण हा आधीच पार झालेला, शर्यत तिथंच संपलेली. फेटा चाचांना!

लोक काय म्हणाले? "हात्तिच्या! एवढा दम धरला आणि शेवटी घाई नडली! या माणसाला थांबता यायचंच नाही!"

त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. पुरता थांबला, मग उतरला. दोघं देवळाकडे चालली. सायकल त्याच्या हातात. फिक्स सायकल हातानं ढकलली तरी पायडल फिरतंच. ते फिरत होतं, सावकाश, तिच्या चालीनं. मधूनच त्याच्या नडगीला लागत होतं.

"लागतंय का हो?"

"लागू दे."

आता माझं उत्तर द्या, मंडळी. तोंडानं नको. आरती झाली की मी दाराशी उभा राहणार आहे, जिथं तुमच्या चपला आहेत तिथं. आपल्या चपला घालून कोण सरळ रस्त्याला लागतं आणि कोण मागे वळून बघतं, तेवढंच पाहीन.

उठा. सावकाश!