डॉक्टरांचं वाँडरिंग

दोन महिने कुठं होतो म्हणून विचारता? जळगावला, पोराच्या घरात, कुलपाआड.

तिथं सुरुवातीला मी सकाळी चालत एस.टी. स्टँडवर जायचो. आपल्या भडगावच्या गाडीतून कोणी ओळखीचं उतरलं तर दोन शब्द बोलायला मिळायचे. एक दिवस पोराला मी घरात दिसलो नाही. त्यानं मला शोधून थेट डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर माझ्याकडं न बघता त्यालाच म्हणाला, "हे वाँडरिंग आहे."

नातीला विचारलं, "पोरी, म्हणजे काय?"

तिनं मोबाइलमध्ये बघितलं. "रमतगमत फिरणं, भटकणं, वाट चुकणं, मन भरकटणं. खूप अर्थ आहेत, आबा."

"मग डॉक्टरचा कोणता?"

संध्याकाळी तिच्या बापानं फाटकाला कुलूप घातलं.

मी म्हणालो, "अरे, तू रोज बूट घालून मैदानाला दहा चकरा मारतोस, ते काय?"

"आबा, ते वॉकिंग आहे."

"आन् मन्हं चालणं काय शे?"

"तुमचं वय झालं."

परवा म्हणालो, मला गावी सोड. लगेच गाडी काढली. दारात उतरवलं आणि चहाही न घेता परत गेला. एकटा म्हातारा कुठं भरकटेल, ही काळजी त्याला फक्त जळगावच्या हद्दीत होती.