चार फुटी की टेबलावरची

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं चिमू, तू होय! हा नंबर कोणाचा?… नवऱ्याचा? बरं, बरं. मला वाटलं पुन्हा कोणीतरी विमा गळ्यात मारायला निघालंय.

नाही गं, बोल. कामात आहे, पण वेगळ्याच. टाकीवाले काका आलेत… पाण्याची नाही गं, पाण्याची गच्चीवर असते! माशांची. समुद्रातल्या माशांची. माझ्या ऑफिसच्या खोलीत… हो, खरंच घेतेय.

काका, तुम्ही मोजत राहा, मी फोनवर आहे. माझी नणंद आहे. हो, ती खुर्ची सरकवा खुशाल.

हां, चिमू, आधी अण्णांचं सांग. कसे आहेत?… उभं केलं? वॉकर धरून?… आणि फिजिओवालीशी भांडले? मग झाले बरे. तुझे सासरे भांडायचे थांबले तरच काळजी करायची. खुबा बदलला काय आणि गुडघा बदलला काय, तोंड तेच आहे ना… सोमवारी सोडतायत? इतक्यात?… अगं पण तुमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. चढवणार कसं त्यांना?… 'होईल काहीतरी' म्हणजे?… बरं, नको सांगूस. दमलेली दिसतेस, आवाजावरून कळतंय.

टाकीचं? हो, हो, सांगते ना. हसायचं नाही पण.

डोळ्यांच्या डॉक्टरमुळे झालं सगळं. दिवसभर मी लोकांची स्वयंपाकघरं काढत बसते स्क्रीनवर. ओटा इथे, सिंक तिथे, ड्रॉवर उघडला की फ्रिजवर आपटतोय… संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, अधूनमधून मान वर करा आणि लांब कुठेतरी बघा. आता माझ्या खोलीतून लांब काय दिसतं? शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावर एक पाइप. तो पाइप मला तोंडपाठ झालाय गं!

मग दाताला सिमेंट भरायला गेले होते ना, तिथे बघितली. दगड, दगडांवर प्रवाळ… प्रवाळ गं. मऊमऊ बोटांसारखं, पाण्यात डुलत असतं. आणि त्यातून एक नारिंगी पट्टेवाला मासा ये-जा करतोय, घरमालकासारखा. रिसेप्शनवाली माझ्या नावाने हाका मारून दमली. माझा नंबर गेला तरी मला पत्ता नाही… हो, मीच. जी दातवाल्याच्या दारातून परत येते, ती मीच.

आता पंचाईत ही आहे की घ्यायची कोणती. एक आहे टेबलावर मावणारी, चौकोनी डब्यासारखी. आणि एक चार फुटी, खाली लोखंडी स्टँड… मलाही तसंच वाटलं होतं, पहिलीच वेळ आहे, लहान घेऊन हात बसवावा. पण काका म्हणतात उलटं आहे.

काका, हिला सांगते हं मी, चुकलं तर सांगा.

अगं ऐक ना. लहान टाकीत पाणी थोडं. उन्हाळ्यात जरा आटलं की बाकीचं खारट होतं लगेच, कारण पाणी उडून जातं, मीठ थोडंच उडतं? चिमूटभर खाणं जास्त पडलं की पाणी बिघडलं. मोठ्या टाकीत चूक पचते. नवशिक्याला मोठी बरी म्हणतात ते. आणि मी चुका करणार, हे काय मला माहीत नाही?… मासे लगेच नाही गं सोडायचे! आधी नुसतं खारं पाणी आणि दगड. महिना-सव्वा महिना. त्या दगडांत बारीक जीवजंतू धरतात, ते पाणी राखतात, मग मासे… हो, तोपर्यंत मी दगडांकडे बघत बसायचं. पाइपपेक्षा बरे.

तुझा भाऊ? तो म्हणतो लहानच घे. एरवी याला घरात नवा पडदा लागलेला आठ दिवस दिसत नाही. पण टाकीचं नाव काढल्यावर सकाळी चहा गार होईपर्यंत मला समजावत होता… तू पण? तुझंही मत लहानच?… काय म्हणालीस?… 'उचलून बाजूला ठेवता येईल अशी'?

गंमत आहे. सकाळी तोही हेच म्हणाला. अगदी याच शब्दांत… काही नाही, म्हटलं बहीणभाऊ शोभता.

चार फुटी नाही उचलता येत, बरोबर. भरली की चार-पाच धट्टीकट्टी माणसं एका जागी उभी केल्यासारखं वजन. आपण तळमजल्यावर, म्हणून बरं. खिडकीपाशी चालत नाही, ऊन आलं की काच शेवाळाने हिरवीगार. म्हणजे राहिली आतली भिंत. दारासमोरची… हो, तीच, जिथे आत्ता पुस्तकांचा घोडा आहे… लांबी? साडेसहा फूट आणि वर थोडी. का गं?… नाही, सहज कसं? भिंतीची लांबी सहज कोणी विचारत नाही. मी विचारते, पण माझा तो धंदा आहे.

…काय मावायला हवं?

कॉट? कोणाची कॉट?

थांब, थांब. हळू बोल. डोकं वर करता येणारी, हॉस्पिटलसारखी… भाड्याने सांगून ठेवलीय… सोमवारी येणार… कुठे?

इथे?

चिमू, इथे म्हणजे माझ्या ऑफिसच्या खोलीत?

काका, दोन मिनिटं. नाही, जाऊ नका. पाणी प्या, तिथेच बाटली आहे.

हां. बोल… नाही, मला माहीत नव्हतं… नव्हतं गं माहीत. मला कोण सांगणार?… त्याने? मला? कधी?… 'वहिनी आनंदाने हो म्हणाली'? असं म्हणाला? वा! मी आनंदाने हो म्हणाले आणि मलाच पत्ता नाही.

अगं रडतेस काय. चिमू… चिमे, ऐक. तुझी काय चूक यात? तुला वाटलं मला माहीत आहे. मी इथे टाकीचं पुराण लावलंय आणि तू बिचारी कॉट मावेल की नाही याचा हिशेब करतेयस… हो गं, कळलं. म्हणून 'उचलून ठेवता येईल अशी'. आता कळलं. म्हणजे अण्णा आले की ती टाकी उचलायची, आणि टाकीबरोबर मलाही.

मी ओरडत नाहीये. हा माझा साधा आवाज आहे.

बरं, थोडंसं ओरडतेय. ओरडू दे मला.

अगं, किती वेळा बिऱ्हाड हलवलं मी त्या खोलीतलं? दीर परीक्षेला आले, मी जेवणाच्या टेबलावर. सासूबाईंचा मोतीबिंदू झाला, मी बेडरूमच्या खिडकीत, मांडीवर लॅपटॉप. त्याच्या मित्राची बदली झाली, घर मिळेपर्यंत ते दोघं नवरा-बायको. तेव्हा मी कुठे बसत होते, सांगू? मागच्या गॅलरीत. वॉशिंग मशीनवर लॅपटॉप ठेवून. मीटिंगमध्ये कपडे पिळायला लागलं मशीन, आणि समोरच्या बाई विचारतात, तुमच्याकडे भूकंप होतोय का?… हस, हस. मीही हसले होते तेव्हा.

दर वेळी मी 'चालेल' म्हटलं, हेच खरं. कारण दर वेळी कारण खरंच होतं गं. दिरांची परीक्षा खरी, सासूबाईंचा डोळा खरा. आता अण्णांचा खुबा. कोण नाही म्हणणार? मी म्हणेन? तुझे सासरे माझ्या लग्नात जेवणाची पंगत सोडून जनरेटर दुरुस्त करत बसले होते, त्यांना मी म्हणेन, तिसरा मजला चढा?

नाही, नाही, तू दुसरीकडे बघायचं नाहीस. खबरदार. सोमवारी अण्णा इथेच येणार.

पण त्या खोलीत नाही.

अगं राग म्हणून नाही. ऐक तर. खोलीचं दार अरुंद आहे, सव्वादोन फुटांचं. वॉकर कसाबसा आत जाईल, वळणार नाही. बाथरूमला जायचं तर पॅसेज ओलांडायचा, आणि मध्ये ती पायरी आहे. आहे ना? तू स्वतः ठेचकाळली होतीस तिथे. आता खुबा बदललेला माणूस, रात्री, झोपेत… तूच सांग. तुझ्या भावाला हे दिसलं नाही, कारण त्याने बघितलंच नाही. खोली दिसली, देऊन टाकली.

अण्णा आमच्या बेडरूममध्ये राहतील. दार मोठं, बाथरूम आतच, कमोड आहे, मी भिंतीला धरायला दांडी बसवून घेते, सुतार ओळखीचे आहेत. कॉट खिडकीकडे डोकं करून. आमचा पलंग उभा करून ठेवू मागे… अगं होतं सगळं. मी काढते आत्ता ड्रॉइंग. तुझ्यासाठी खाली एक गादी. रात्री तू राहशीलच ना?… झालं तर मग.

आम्ही? मी माझ्या ऑफिसात, जमिनीवर. मला चालतं. आणि तुझा भाऊ हॉलमध्ये सोफ्यावर… माहीत आहे गं, पाय बाहेर येतात त्याचे. पुढे स्टूल ठेवेल. त्याने शब्द दिलाय ना तुला? मग त्याने झोपायचं शब्दावर.

वैतागू दे. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

बघ, हसलीस ना? मग आता नाक पूस. आणि अण्णांना यातलं काही कळू द्यायचं नाही, नाहीतर ते स्वाभिमानाने जिना चढायला निघतील… हो. मी येते ना हॉस्पिटलमध्ये, आपण दोघी आणू.

हो काका, आलेच. सांगते आत्ता.

टाकीचं काय, घेते लहानच. कशाला उगाच… नाही गं, तुझ्यामुळे नाही. घरात माणसं वाढणार, कॉट येणार, वॉकर येणार, त्यात मी चार फुटी समुद्र कुठे भरू? आणि तो धुमसत बसेल ते वेगळंच. भांडायचा कंटाळा आलाय. टेबलावरची घेते, रोज पाणी तपासेन, आटलं की गोडं पाणी घालेन, मरतील मासे तर… बघू. काय फरक पडतो.

नाही, त्याच्यावर राग नाही. वाईट नाही तो, मला का ठाऊक नाही? तुझ्या एका फोनवर हो म्हणाला, चांगलंच केलं. त्याच्या जागी मी असते तर… हां, तू नको त्याची बाजू घेऊस आता. मला ठाऊक आहे… काय म्हणाला मग?… तू त्याला विचारलंस, वहिनीची अडचण होईल का म्हणून. मग?

पुन्हा सांग.

'खोली तशी रिकामीच असते.'

ऐकलं गं.

नाही, ठीक आहे. तू सांगितलंस ते बरं झालं… अगं 'सहज बोलला' हे मलाही माहीत आहे. तेच तर. सहज बोलला. चिमू, मी तिथे असते. सकाळी तो निघतो तेव्हा मी तिथे बसलेली असते. संध्याकाळी येतो तेव्हाही. तो दारातून डोकावतो, 'चहा टाकतेस का' विचारतो, मी उठते. आठ वर्षं मी त्या खोलीतून काम करतेय आणि त्याच्या डोळ्यांना ती रिकामी दिसते.

नाही, रडत नाहीये. डोळे चुरचुरतायत, सांगितलं ना मघाशी.

थांब हं जरा. ठेवू नकोस.

काका, ऐका. लहान नको. चार फुटी करा… हो, ठरलं. त्या आतल्या भिंतीला, बरोबर मधोमध. पुस्तकांचा घोडा मी हलवते आज. प्लग पॉइंट वेगळा काढायला लागेल म्हणालात ना, वायरमनला उद्या बोलवा… दगडही मोठे द्या.

काय?… साहेबांना?

साहेबांना कशाला विचारायचं? साहेब या खोलीत बसत नाहीत. मी बसते.

हां, चिमू. ऐकलंस ना? बरं झालं ऐकलंस… नाही, तू नको सांगूस. मीच सांगते, घरी आला की… अगं भांडण नाही गं. नीट, खुर्चीवर बसवून सांगेन. माझ्या खोलीत बोलावून.

चल, ठेवते. काका टेप धरून उभे आहेत, दुसरं टोक धरायला कोणी नाही.