ओपलला पुन्हा उचलायची का?

ओक्लाहोमातल्या आमच्या गावात औषधांच्या दुकानात रांग लागली होती. माझ्यापुढे हार्लनकाका होते आणि त्यांच्यापुढे हवामान कचेरीतली रोवेना.

"रोवेना, आज टोर्नेडो येणार का, ते सरळ सांग."

"सकाळपासून टीव्हीवर आम्ही तेच तर सांगतोय, काका."

"टीव्हीवर नुसती 'शक्यता' सांगता. मागच्या खेपेला बायकोला, ओपलला, व्हीलचेअरवरून चर्चच्या तळघरात नेली, आणि साधं पान हललं नाही. ती अजून टोमणे मारते."

"तेव्हा तो शेजारच्या गावावर उतरला होता."

"मग आज कुठे उतरेल?"

"ते नाही सांगता येत. दक्षिणेकडून गरम, दमट हवा आलीच आहे. दुपारनंतर पश्चिमेची थंड हवा तिच्याखाली घुसेल आणि तिला वर ढकलेल. पुढचं ढग चढल्यावरच कळेल, पण तेव्हा हातात वेळ नसेल."

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

"नाही."

"आणि मी ओपलला पुन्हा उचलायची? कंबर बघ माझी!"

"तुमचं घर पत्र्याचं आहे, काका. म्हणून सांगतेय."

"तुझी पोरं कुठायत? शाळेत?"

"नाही पाठवली आज."

"मग?"

"माझ्या आईबरोबर चर्चच्या तळघरात आहेत. आत्ताच सोडून आले."

बाहेर लख्ख ऊन होतं. हार्लनकाका थोडा वेळ त्याकडे बघत राहिले, मग रांगेतून बाहेर पडले.

"काका, तुमचं औषध?" मी विचारलं.

"राहू दे. तू चल माझ्याबरोबर. तिला उचलायला दोघं लागतात."