लाल पट्टा, हिरवा पट्टा

...आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाचे दोन्ही पाय धडधाकट आहेत, त्याच्या घरी दर बुधवारी डॉक्टरीण येते, त्याचे पाय स्टुलावर ठेवून बोटाबोटांत टॉर्च मारून बघते, आणि ज्या बाईचा अंगठा काळा पडलाय ती बाई त्याच डॉक्टरिणीला चहा नेऊन देते... चालत! याला काय म्हणायचं? सुधारणा म्हणायचं! सगळं आमच्यासाठीच चाललंय हो, सगळं आमच्यासाठीच!

नाही, मी चिडलेलो नाही. ऐका तर खरं. आमच्या वस्तीत पूर्वी एक डॉक्टर होता. जिन्याखालची खोली, एक बाकडं, एक पंखा, तोही फक्त त्याच्याकडे वळलेला. महातुसडा माणूस. तुम्ही म्हणालात, "डॉक्टर, डोकं दुखतंय," की हा ओरडणार, "चपला काढा!" साखरेचा पेशंट दिसला की आधी पाय बघायचा, तोंड नंतर. तोंडं बघण्यासारखी नव्हतीच म्हणा आमची. तो मेला, आणि मग वरच्या साहेबांना एकदम साक्षात्कार झाला, की अरेच्चा, शहरात म्हातारे फार झालेत! जसे काही उंदीर झालेत! लगेच खोली पाडली, म्हाताऱ्यांसाठी आरोग्य केंद्र बांधलं. काचेचं दार, आपोआप उघडतं, आपोआप मिटतं. मधल्या वेळात म्हातारा आत पोचेल, असं कुणी गृहीत धरलं कोण जाणे. पण दार आमच्यासाठीच हो!

आता म्हातारे उदंड, डॉक्टरीण एक. मग काढली शक्कल. हॉलमध्ये जमिनीवर एक पिवळी रेघ मारली. त्या रेघेवरून चालायचं. नीट चाललात की मनगटाला हिरवा पट्टा. म्हणजे तुम्ही ठणठणीत, सहा महिन्यांनी तोंड दाखवा. धडपडलात की लाल पट्टा. म्हणजे डॉक्टरीण तुमच्या घरी येणार. कल्पना वाईट नाही, हुशार माणसाची आहे. फक्त त्या हुशार माणसानं रेघेच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडल्या, आणि खुर्च्यांवर बसवली कोण? अख्खी वस्ती! चारचौघांसमोर लंगडून दाखवायचं! अहो, आमच्याकडची म्हातारी माणसं जिन्यावरून पडली तरी वर बघून म्हणतात, "बसले होते जरा."

आणि त्यात माझी अक्का. माझी थोरली बहीण. मेव्हणे गेले, मी बिनलग्नाचा, म्हणून दोघं एकत्र राहतो. एकत्र म्हणजे ती बोलते, मी राहतो. तिची साखर जुनी, पाय बधिर, आणि अंगठ्याला जखम. दुखत नाही ना, मग बाईसाहेबांना वाटतं काही झालंच नाही. मी पंधरवडाभर कानीकपाळी ओरडतोय, "अक्के, वास येतोय गं!" तर म्हणते, "तुझ्या मिशीला येत असेल."

शेवटी नेली एकदाची केंद्रात. वाटेत बजावलं, "हे बघ, तिथं लंगड. लाल पट्टा मिळाला की डॉक्टरीण घरी येईल, पाय बघेल, औषध देईल. पाय वाचेल तुझा. चार पावलं लंगडायला काय जातंय?" बरं म्हणाली. खरंच बरं म्हणाली हो!

पण आमचं नशीब! आमच्या आधी नंबर कुणाचा? समोरच्या घरातल्या बाईंचा! निवृत्त मुख्याध्यापिका, अक्काशी तीस वर्षं भांडण, कशावरून ते दोघींनाही आठवत नाही. या बाई रेघेवर अशा काही चालल्या... भिंत धर, सिस्टरला धर, "आई गं" म्हण, डोळ्यांना पदर लाव! आदल्याच दिवशी हीच बाई बसमागे धावताना मी बघितलीय! मिळाला लाल. आणि खुर्चीवर बसता बसता आमच्या अक्काकडे बघून म्हणते कशी, "तुमचं तर काय, माझ्याहून मोठ्या तुम्ही. सांभाळून हं!"

झालं! संपलं! मी त्या क्षणी ओळखलं, पाय गेला.

अक्का उठली. काठी माझ्या हातात दिली. पदर खोचला, मान ताठ, आणि निघाली रेघेवरून, जसा काही फौजदारच निघालाय गस्तीला! मी रेघेच्या टोकाला उभा, तिला खुणावतोय, डोळे मारतोय, शेवटी न राहवून स्वतःच लंगडून दाखवतोय, "अशी... अगं अशी..." ती वळली, तशीच ताठ परत आली. टाळ्या! अख्खा हॉल टाळ्या! सिस्टर म्हणते, "वा आजी! तरुण मुली लाजतील!" आणि घातला हिरवा पट्टा. मग माझ्याकडे वळून म्हणते, "अरेरे, आजोबा, तुम्हाला तर पाऊलही टाकवत नाहीये," आणि मला घातला लाल!

मी म्हटलं, "सिस्टर, हिचा अंगठा बघा, अंगठा!" सिस्टर म्हणते, "आज फक्त चाल. पायाचा वार बुधवार, तोही लाल पट्ट्यांच्या घरी." अक्का म्हणते, "त्याचं मनावर घेऊ नका, हल्ली भ्रमिष्टासारखं करतो." चपला काढा म्हणायला कुणी म्हणून नाही. सगळं आमच्यासाठीच!

मग सुरू झाले ते बुधवार. डॉक्टरीण गुणी पोर, पण संध्याकाळपर्यंत अर्धी वस्ती पालथी घालायची. माझे पाय बघायची, "छान आहेत," म्हणायची. मी म्हणायचो, "माझे मरू देत, हिचा एक बघा!" ती वळेपर्यंत अक्का मोजे चढवून स्वयंपाकघरातून, "साखर किती घालू हो?" एकदा तर मी तिचा पाय धरला, अक्षरशः धरला, साठीपलीकडचा भाऊ सत्तरीच्या बहिणीचा पाय धरून जमिनीवर! तिनं लाथ मारली. त्याच पायानं! डॉक्टरीण हसली, म्हणाली, "आजींच्या पायात ताकद आहे."

पुढच्या आठवड्यात अक्का तापानं फणफणली, दवाखान्यात नेली, आणि घोट्यापासून पाय काढला. तिथल्या मोठ्या डॉक्टरनं मलाच झापलं, "इतके दिवस काय करत होतात?" काय सांगू? टाळ्या वाजवत होतो म्हणून सांगू? बाहेर येऊन ढसाढसा रडलो. हसू नका, खरंच रडलो.

घरी आणली. आता रोज पट्टी बदलायची. केंद्रात गेलो, तर सिस्टर म्हणते, "हिरव्याच्या घरी जाता येत नाही. आजींना घेऊन या, रेघेवर पुन्हा तपासू." म्हटलं, "बाई, चालवू कशावर?" शेवटी डॉक्टरिणीलाच दया आली. ती माझ्या नावानं घरी येते, पट्टी अक्काच्या पायाला करते, आणि लिहिते माझ्या नावावर. म्हणजे सरकारदरबारी घोट्यापासून पाय माझा गेलाय, आणि अक्का ठणठणीत!

काल मी म्हटलं, "अक्के, आता तरी तो हिरवा पट्टा काढ." मनगट छातीशी धरलं तिनं. म्हणाली, "राहू दे रे. समोरचीला खिडकीतून एवढंच दिसतं."

पुढच्या सोमवारी रेघेवर माझी पुन्हा चाल-तपासणी आहे. चुकून नीट चाललो तर हिची पट्टी बंद. म्हणून सकाळपासून घरात लंगडतोय... आणि ही खुर्चीवरून टाळ्या वाजवतेय!